मशीनवर रुपये दिसले तर थांबा

व्हिएन्नातल्या एका दुकानात बिल देताना काउंटरवरच्या मुलीनं कार्डाचं मशीन माझ्यापुढे सरकवलं. पडद्यावर दोन आकडे होते, वर युरो आणि खाली रुपये. परक्या मुलखात आपला रुपया दिसला की बरं वाटतं. बोट आपसूक तिकडेच गेलं. घरी आल्यावर स्टेटमेंट त्या दिवसाच्या दराशी ताडून पाहिलं, तेव्हा ती सोय केवढ्याला पडली ते कळलं.

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. यात युरोचे रुपये करण्याचा दर व्हिसा-मास्टरकार्डचा नसतो. तो दुकानदाराची बँक किंवा तिनं नेमलेली कंपनी लावते आणि आपला नफा त्यातच धरते. बाजारदराशी फरक तीन-चार टक्क्यांपासून दहाच्या पुढेही जातो. वर आपल्याकडच्या काही बँका अशा व्यवहारावर एक टक्का वेगळा घेतात. युरोतच पैसे दिले तर बँकेचा फॉरेक्स मार्कअप लागतो हे खरं. बहुतेक कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्के असतो, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीनचे 4.13 होतात. पण हा आकडा निघण्याआधी बँकेला विचारून ठेवता येतो. दुकानातला दर मात्र ऐनवेळी समोर येतो आणि मागे रांग उभी असते.

फॉरेक्स कार्डात युरो भरून नेले असतील तर रुपयांचं बटण आणखी वाईट, कारण युरोचे रुपये आणि पुन्हा रुपयांचे युरो असा उलटसुलट हिशेब होतो. एटीएमवर हाच प्रश्न ‘विथ कन्व्हर्जन’, ‘विदाऊट कन्व्हर्जन’ अशा शब्दांत येतो. ‘विदाऊट’ निवडलं म्हणजे पैसे मिळणार नाहीत, असं अनेकांना वाटतं. पैसे मिळतात.

निघण्यापूर्वी आणखी एक काम करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2020 पासून नवं कार्ड फक्त देशात चालू असतं. परदेशातला वापर बँकेच्या अॅपमधून आपणच सुरू करायचा असतो. ओटीपीसाठी भारतातला नंबर रोमिंगवर चालू ठेवा. दुसरं कार्ड पाकिटात नको, वेगळ्या बॅगेत हवं.

चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे, हे व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांतच आहे. न विचारता रुपयांत बिल केलं असेल तर सही करू नका, व्यवहार रद्द करून युरोत करायला सांगा.