पत्रांतून बोलणारी सकाळ

आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणीवर गे बर्न या निवेदकाचा सकाळचा कार्यक्रम १९७३ ते १९९८ अशी पंचवीस वर्षे चालला. त्याचे खरे लेखक श्रोतेच होते. हातातले घरकाम चालू ठेवून ऐकणाऱ्या बायका पत्रे पाठवीत आणि बर्न ती वाचून दाखवीत.

३१ जानेवारी १९८४ रोजी ग्रॅनार्ड या लहानशा गावी पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी मेरीमातेच्या मूर्तीपाशी एकटीच बाळंत झाली. बाळ वाचले नाही; तीही त्याच दिवशी गेली. गावाने बोलण्याचे टाळले. बर्न यांच्याकडे मात्र पत्रांची रीघ लागली. लग्नाआधीचे दिवस जाणे, लपवून केलेली बाळंतपणे, वर्षानुवर्षे कोणापाशी न बोललेले सारे त्यांत होते. २३ फेब्रुवारीला बर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पत्रे एकामागून एक वाचली. विद्वानांची परिषद भरवून हे साधले नसते, असे मला वाटते.

(आमच्या घरात पत्र लिहू शकणारा मी पहिलाच. आजीच्या पोटातले कागदावर उतरलेच नाही. त्यामुळे त्या पत्रांचे मोल मला जरा अधिकच वाटते.)

पुढे १९८८ च्या कायद्याने खाजगी स्थानिक केंद्रांना वाट मिळाली. त्यांपैकी अनेक केंद्रांवर आजही रोज मृत्युवार्ता वाचतात: कोण गेले, कोणत्या वाडीचे, अंत्यविधी केव्हा. ती ऐकून माणसे हातातली कामे ठेवतात आणि मयताच्या घराकडे निघतात.