भोक आठ मिलिमीटरचं, म्हणून निर्धास्त?

"रोबोटनं ऑपरेशन झालंय, पोटावर नुसती चार-पाच भोकं. आता हर्नियाची भानगडच नाही." प्रोस्टेट किंवा गर्भाशय काढून घरी आलेल्या माणसाला भेटायला गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्यातलं निम्मं खरं आहे. पोट मधोमध उभं उघडलं, तर शंभरातल्या साधारण दहा ते वीस जणांना पुढे त्या जागी हर्निया होतो. दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या छिद्रांतून तो होण्याचं प्रमाण त्याहून पुष्कळच कमी आहे. पण शून्य नाही. दुर्बिणीच्या छिद्रातल्या हर्नियाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९६८ सालीच झालेली आहे.

कातडी जुळली म्हणजे जखम भरली, असं आपण धरून चालतो. पोटातलं आत धरून ठेवतं ते मात्र कातडीखालचं, स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण. सर्जन त्याला 'शीथ' म्हणतात. छिद्र दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठं असलं की शीथला टाका घालायचा, हा रूढ नियम. रोबोटच्या हातांची छिद्रं बहुधा आठ मिलिमीटरची, म्हणून ती पुष्कळदा आतून शिवत नाहीत. तरीही अशा छिद्रांतून हर्निया झाल्याच्या नोंदी आहेत. एक कारण बारकाईनं बघण्यासारखं आहे. रोबोटचा हात ज्या नळीतून आत जातो, तिच्यावर एक जाड काळा पट्टा असतो. नळी फिरते ती त्या बिंदूभोवती, म्हणून पट्टा नेमका पोटाच्या भिंतीत बसायला हवा. तो वर-खाली सरकला तर प्रत्येक हालचालीला भिंत ताणली जाते आणि छिद्र रुंदावू शकतं.

सगळी छिद्रं सारखीच असतात, हेही खरं नाही. काढलेला अवयव आठ मिलिमीटरमधून बाहेर कसा येणार? तो पिशवीत भरतात आणि एक छिद्र, अनेकदा बेंबीजवळचं, वाढवून काही सेंटिमीटरचं करतात. जास्त जपायची जागा हीच. आधीच बेंबीचा हर्निया असेल तर विशेष. ओटीपोटावर आडवा छेद घेऊन अवयव काढला तर हा धोका कमी राहतो. ऑपरेशनआधी सर्जनला हे जरूर विचारावं.

सर्वांत घातक समज म्हणजे "भोक लहान, तर हर्नियाही किरकोळ." अरुंद तोंडातच आतडं आवळलं जातं. कधी तर आतड्याच्या भिंतीची एकच बाजू अडकते. याला रिश्टरचा हर्निया म्हणतात. अशा वेळी शौचाला होतं, वारा सरतो, फुगवटाही दिसत नाही, आणि आत मात्र रक्तपुरवठा तुटत असतो. घरात सगळे म्हणतात, "गॅस झालाय, ओवा चाव." ऑपरेशननंतरच्या दिवसांत उलट्या थांबत नसतील, पोट फुगत असेल, एकाच छिद्रापाशी दुखत असेल, तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. सीटी स्कॅनमध्ये ते अडकलेलं आतडं बहुधा दिसतं.

पोटाला बांधायच्या पट्ट्यानं आधार वाटतो, भोक बुजत नाही. त्यापेक्षा जुना खोकला, सिगारेट, बद्धकोष्ठता, वाढलेली साखर आणि वजन यांच्याकडे बघा.

हर्निया महिन्यांनंतर, वर्षांनंतरही उमटतो. जखमा पूर्ण भरल्यावर कधीतरी उभं राहा, बेंबीजवळच्या व्रणावर बोटं ठेवा आणि खोका. बोटांखाली काही ढकललं गेल्यासारखं वाटलं तर सर्जनला दाखवून सोनोग्राफी करून घ्या.