बंगळुरूतला मुकुट, बेलूरचा आरसा
23 नोव्हेंबर 1996. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर क्रिकेटऐवजी ‘मिस वर्ल्ड’ची अंतिम फेरी रंगली. 88 देशांच्या तरुणी, बाहेर हजारो पोलीस. ग्रीसच्या आयरीन स्क्लिव्हाने मुकुट जिंकला. स्पर्धेवरून झालेलं भांडण मात्र लोकांना जास्त आठवतं, आणि तेही अर्धवट.

स्विमसूट फेरी बंगळुरूत झाली, असं अनेकांना वाटतं. ती झाली सेशेल्स बेटांवर. विरोध इतका पेटला होता की ती देशाबाहेर न्यावी लागली. मदुराईत तर एका तरुणाने स्वतःला पेटवून घेऊन जीव दिला.

हा विरोध फक्त संस्कृतिरक्षकांचा होता, हा दुसरा गैरसमज. ते रस्त्यावर होतेच. पण डाव्या महिला संघटनाही होत्या, शेतकरी नेते नंजुंडस्वामी यांची संघटनाही होती. संस्कृतिरक्षकांना उघड्या अंगाची लाज वाटत होती. महिला संघटनांना बाईच्या देहाचं माप काढून त्यावर प्रसाधनं विकण्याचा संताप होता. या दोन आक्षेपांची एकच मोळी बांधणं म्हणजे त्या बायकांचं म्हणणं न ऐकणंच. स्पर्धेने स्विमसूट फेरी बंद केल्याचं जाहीर केलं ते 2014 मध्ये.

सौंदर्यस्पर्धांचं हे खूळ आर्थिक उदारीकरणानंतर आलं, असंही म्हणतात. पण मुंबईची, गोव्याच्या कुटुंबातली रीटा फारिया 1966 मध्येच लंडनला ‘मिस वर्ल्ड’ झाली होती. तेव्हा ती वैद्यकीय विद्यार्थिनी होती. वर्षभराने तिने झगमगाट सोडला आणि ती डॉक्टर झाली. गोरेपणाचं ‘फेअर अँड लव्हली’ही 1975 पासून दुकानात होतंच.

सगळ्यात चिवट समज मात्र स्थळांच्या जाहिरातीत भेटतो: ‘गोरी, सडपातळ’ हीच म्हणे आपली जुनी आवड. महाभारतातली द्रौपदी सावळी, म्हणून तर तिचं एक नाव ‘कृष्णा’. तरीही आपल्याकडे ‘सावळी, पण नाकीडोळी नीटस’ म्हणतात. त्यातला तो ‘पण’ किती मुलींना लहानपणापासून बोचत आला असेल!

जुनी आवड खरंच पाहायची तर बंगळुरूहून बेलूरला जावं. होयसळ राजा विष्णुवर्धनाच्या काळात, 1117 मध्ये प्राणप्रतिष्ठा झालेल्या चेन्नकेशव मंदिरात खांबांच्या माथ्यावर मदनिका, म्हणजे दगडात कोरलेल्या सुंदर स्त्रिया, आहेत. कंबर बारीक, पण मांड्या भरदार, नितंब रुंद, दंड गोल. कुणी नाचतेय, कुणी शिकारीला निघालीय. आणि एक, त्याच काळसर दगडातली, हातात आरसा धरून स्वतःकडे निवांत बघत उभी आहे.