प्रतिकूल काळातील सकारात्मकता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोकरी गेलेल्या, धंद्यात बुडालेल्या किंवा जवळचे माणूस गमावलेल्या व्यक्तीला 'सकारात्मक राहा' असे सांगणाऱ्यांच्या मनात सकारात्मकता म्हणजे दुःखाचा अभाव, हे समीकरण बहुधा गृहीत असते. मानसशास्त्राला ते मान्य नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारात, म्हणजे भावनांच्या मुळाशी असलेले अविवेकी समज तपासून बदलणाऱ्या उपचारपद्धतीत, नकारात्मक भावनांचे दोन प्रकार मानले जातात. नुकसानीचे दुःख ही त्यांतली आरोग्यदायी भावना होय. 'असे घडताच कामा नये होते, आता सारेच संपले' अशा हट्टातून येणारी हतबल खिन्नता मात्र अनारोग्यकारक ठरते. उपचाराचा रोख या हट्टावर असतो, दुःखावर नव्हे.

यशाचे चित्र डोळ्यांसमोर रंगवले की निम्मे काम झाले, ही समजूत प्रेरणादायी व्याख्यानांमुळे फोफावली आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएल ओटिंगेन यांनी टॉमस वॉडन यांच्यासह १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजन घटवण्याच्या कार्यक्रमातील २५ लठ्ठ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा वजन उतरेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचे वजन अधिक घटलेले आढळले, पण सडपातळ झालेल्या स्वतःची गुलाबी चित्रे रंगवणाऱ्यांचे कमी घटले. अपेक्षा ही शक्यतेचा अंदाज असते आणि कल्पनारंजन हे फळ आगाऊच चाखणे असते, हा भेद येथे कळीचा आहे. म्हणूनच ओटिंगेन यांच्या पद्धतीत इच्छेपाठोपाठ तिच्या वाटेतला अडथळाही मनासमोर आणावा लागतो.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा की, माणूस मुळात लढाऊ असतो आणि वारंवारच्या अपयशाने हताश होणे 'शिकतो'. गंमत अशी, की ही समजूत विज्ञानानेच पुरवलेली आहे. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात (आजच्या नैतिक निकषांवर तो क्वचितच मंजूर होईल) काही कुत्र्यांना स्वतः थांबवता येतील असे विजेचे धक्के दिले गेले, तर इतरांना तेवढेच, पण काहीही केले तरी न थांबणारे. पुढे साधा अडसर ओलांडून सुटका शक्य असतानाही दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्रे जागीच बसून राहिले. या अवस्थेला 'शिकलेली असहायता' म्हटले गेले आणि ती संकल्पना पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. मात्र २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूविषयक नव्या संशोधनाच्या आधारे आपला सिद्धान्त उलटा केला : दीर्घकाळ त्रास झाला की निष्क्रिय होणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही, शिकले जाते ते नियंत्रण, कारण आपल्या कृतीने फरक पडतो हे मेंदूच्या पुढच्या भागातील यंत्रणेने एकदा टिपले की ती त्या निष्क्रियतेला आवर घालते. या फेरमांडणीमुळे संकटात गळून गेलेल्या माणसाला कमकुवत ठरवण्याचा आधारच निसटतो. १९६८ च्या पूरक प्रयोगाला तर तिच्या प्रकाशात नवा अर्थ येतो, कारण त्या हताश कुत्र्यांना हाक मारून किंवा खाद्य दाखवून फारसा उपयोग झाला नव्हता; त्यांना पट्ट्याने ओढून अडसरापलीकडे पुन्हा पुन्हा न्यावे लागले, तेव्हा कुठे ते स्वतःहून निघू लागले. प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरेच. तरी कोरड्या उपदेशापेक्षा हाताशी धरून करवून घेतलेली छोटी, निश्चित फळ देणारी कृती मोलाची ठरते, या उपचारकांच्या अनुभवाशी तो जुळतो.

सकारात्मक वृत्तीने कर्करोग हटतो, हा समज मात्र निरुपद्रवी नाही. जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती अभ्यासली असता भावनिक स्वास्थ्य आणि जगण्याचा कालावधी यांत संबंध आढळला नाही. आजार बळावल्यावर 'तू खचलास म्हणून' असे रुग्णाला ऐकवणे त्यामुळे निराधार तर आहेच, शिवाय क्रूरही आहे. अर्थात रुग्णाच्या मनाची काळजी घेण्याचे कारण आयुष्य लांबवणे एवढेच नसते. उरलेले दिवस सुसह्य होणे हेही पुरेसे कारण आहे. वृत्तीचा दोष मानले जाणारे नैराश्यही अनेकदा उपचारसाध्य आजार असते आणि त्यासाठी भारत सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.