‘सर्व्हर डाउन आहे’ : एका वाक्प्रयोगाचे पृथक्करण

गोंदिया जिल्ह्यात धानखरेदीच्या हंगामात एक वाक्य गावोगाव ऐकू येते : ‘सर्व्हर डाउन आहे.’ आधारभूत किमतीने धान विकावयाचा तर शेतकऱ्याची ऑनलाइन नोंदणी आधी व्हावी लागते. ती मुदतीत न झाल्यास धान व्यापाऱ्याच्या दारी जातो, आणि साधारण प्रतीला २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी ठरलेला क्विंटलमागे २,३६९ रुपयांचा दर त्याच्या हाती पडेलच, याची शाश्वती उरत नाही. तेव्हा या वाक्याचा अर्थ नीट लावणे हा केवळ शब्दार्थाचा खेळ नव्हे.

‘लाइट गेली’ या प्रयोगाप्रमाणे येथेही वाक्याला कर्ता आहे, परंतु घटनेला जबाबदार कोणी नाही. शिवाय तीन भिन्न अवस्था या एकाच वाक्याने सांगितल्या जातात. संगणक खरोखर बंद पडलेला असतो. किंवा तो चालू असून मधला संपर्क तुटलेला असतो. किंवा दोन्ही धड असून आलेले काम त्याच्या आवाक्याबाहेर गेलेले असते. पहिल्या दोहोंवर उपाय दुरुस्तीचा. तिसरीवर दुरुस्ती चालत नाही, कारण बिघडलेले काहीच नसते. तेथे प्रश्न क्षमतेच्या पूर्वनियोजनाचा असतो, आणि प्रस्तुत विवेचन त्यापुरतेच आहे.

एक कल्पित हिशेब घेऊ. एखाद्या पोर्टलवर चार लक्ष शेतकऱ्यांनी चाळीस दिवसांत, रोज दहा तास, नोंदणी करावयाची आहे. सरासरीने तासाला एक हजार नोंदी होतात. पण माणसे सरासरीने वागत नाहीत. निम्मे शेतकरी अखेरच्या दोन दिवसांत आले, तर तासाला दहा हजार नोंदी होतील. आणि एका नोंदीमागे वीस विनंत्या धरल्या, तर सेकंदाला सुमारे छप्पन्न. सरासरी पाहून यंत्र घेणारा येथे दहा पटींनी चुकतो. नियोजन करावयाचे ते सर्वांत गर्दीच्या तासाचे.

तेवढ्याने मात्र भागत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ पासून दूरध्वनीच्या गर्दीचा जो अभ्यास केला, त्यातून वाढलेले रांगांचे शास्त्र एक विलक्षण गोष्ट दाखविते. विनंत्या अनियमितपणे येतात व प्रत्येकीला लागणारा वेळ कमीअधिक असतो असे मानले, आणि एका कामास सरासरी ०.२ सेकंद लागतो असे धरले, तर यंत्र निम्मे गुंतलेले असताना उत्तर ०.४ सेकंदात मिळते. ८० टक्के गुंतले असता १ सेकंदात. ९० टक्क्यांवर २ सेकंदांत. ९५ टक्क्यांवर ४ सेकंदांत. भार थोडका वाढतो, प्रतीक्षा दुणावत जाते. म्हणून रिकामी ठेवलेली क्षमता ही उधळपट्टी आहे, हा हिशेबनिसांचा आक्षेप मला ग्राह्य वाटत नाही. त्यातच उत्तर न आल्याने केंद्रावरील कर्मचारी पुन्हा पुन्हा कळ दाबतो, आणि थकलेल्या यंत्रावर आणखी विनंत्या येऊन पडतात.

भविष्यातील भाराचा अंदाज बांधताना मागील वर्षांची रेघ पुढे ओढणे ही सर्वत्र रूढ असलेली रीत आहे. ती अपुरी होय. वाटणी होऊन एका सातबाऱ्याचे तीन झाले की नोंदी तिप्पट होतात. नोंदणीकृत शेतकऱ्यास हेक्टरी प्रोत्साहनपर रक्कम जाहीर झाली की एरवी न येणारेही येतात. अर्जास एक छायाचित्र जोडण्याचा आदेश निघाला की साठवण एकदम फुगते. अंदाज कारणांवरून करावा.

येथे आमच्या विषयाशी निगडित असा एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. देवनागरीमुळे यंत्रावर भार पडतो असे म्हटले जाते. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत प्रत्येक देवनागरी वर्णचिन्हास तीन बाइट लागतात, हे खरे : ‘गोंदिया’ या शब्दात सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट, रोमन लिपीत तो सहा बाइटांत मावतो. पण सातबाऱ्याचे दोनशे किलोबाइटांचे एक छायाचित्र सुमारे ६६,००० देवनागरी चिन्हांइतकी जागा घेते. लिपीला दोष देण्याचे कारण नाही.

अधिक यंत्रे भाड्याने घेता येतात, आणि आज ती काही तासांपुरतीही मिळतात. तथापि सर्व नोंदी अखेर ज्या एका माहितीसाठ्यात लिहिल्या जातात, तो अरुंद असेल तर दारे वाढवून उपयोग होत नाही. नवेगावबांधासारखे तलाव ज्यांनी बांधले, त्यांनी पाळ उंचच उंच नेली नाही; जादा पाण्याला सांडवा ठेवला. पोर्टलचा सांडवा म्हणजे स्वीकृती आणि पडताळणी यांची फारकत. अर्ज घेऊन दिनांक-वेळेसह पोच तत्काळ द्यावी, आणि सातबारा व बँकखाते यांची तपासणी रात्री सावकाश व्हावी. मुदत पोचेच्या वेळेवरून मोजावी. तालुकावार दिवस वाटून देणे हाही मार्ग आहे, पण मजुरीसाठी परगावी गेलेल्यास तो जाचक ठरेल.

हे सर्व ठरविण्यास आधार हवा तो नोंदींचा. प्रत्येक खरेदी केंद्रावर अयशस्वी प्रयत्नाची वेळ आणि वर सांगितलेल्या तीन अवस्थांपैकी कोणती होती, एवढे एका वहीत लिहिले, तरी पुढील हंगामापूर्वी हिशेब मांडता येईल. ‘डाउन’ या एका शब्दाच्या जागी त्या वहीत तीन रकाने असावेत : बंद, संपर्क नाही, गर्दी.