चित्रं मुंबईला न्यायचीत?

आपल्या होस्टेलवर चित्रं काढणारे कमी नाहीत. पण 'प्रदर्शन म्हणजे पैसेवाल्यांचं काम' म्हणून ती कपाटातच राहतात. मंडळी, जरा हिशोब मांडू या.

दिल्लीचा २००८ साली सुरू झालेला इंडिया आर्ट फेअर मुख्यतः गॅलऱ्यांचा. तिथे एकट्या विद्यार्थ्याचा निभाव लागणं कठीण. मुंबईचा काळा घोडा महोत्सव (सुरुवात १९९९) मात्र बघायला फुकट, म्हणून गर्दी भरपूर, आणि स्टॉलही असतात. भरतो साधारण जानेवारीअखेर-फेब्रुवारीत. दिवाळीपासूनच चौकशीला लागा.

खर्च तीन ठिकाणी: जागा, फ्रेम, वाहतूक. आयोजकांना विचारून स्टॉल तिघाचौघांत घ्या. मोठ्या कॅनव्हासऐवजी ए-फोर आकार बरा. काचेच्या फ्रेमऐवजी पुठ्ठ्याचा माउंट नि प्लास्टिकचं पाकीट चालतं. मग सगळं एका बॅगेत मावतं, टेम्पोऐवजी एसटी पुरते! शिवाय प्रिंट्स ठेवा. ज्याला मूळ चित्र परवडत नाही, तो प्रिंट तरी नेतो.

तेवढेही पैसे नसतील, तर जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडणाऱ्या चित्रकारांशी जाऊन बोला. गिऱ्हाईक काय बघतं, किंमत कशी सांगावी, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?