धनगरवाड्यावरचा विद्यार्थी

डॉ. गोविंद गारे जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे, समाजाने महादेव कोळी. १९३९ साली जन्मलेला हा मुलगा शिकला आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा संचालक झाला. डोंगरातल्या माणसांची माहिती तोवर बहुधा गॅझेटियर लिहिणारे साहेब नाहीतर शहरी अभ्यासक टिपून नेत. गाऱ्यांनी सह्याद्रीतल्या आपल्याच समाजावर ग्रंथ लिहिला. घरच्या माणसाला सगळंच खरं दिसतं असं नाही, पण काय विचारायचं हे त्याला ठाऊक असतं, आणि वारशाच्या जतनात निम्मं काम तिथेच होतं.

सातारा-सांगलीच्या डोंगराला अशाच घरच्या अभ्यासकाची उणीव आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली कासच्या पठारासह ही दोन्ही जंगलं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ती यादी निसर्गाची, माथ्यावरच्या धनगरवाड्यांची नव्हे. वास्तविक कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी १९८२ सालीच गवळी धनगरांवरच्या निबंधात इथली घडी दाखवली होती: खोऱ्यात कुणब्यांची शेती, वर गवळी धनगरांच्या म्हशी, आणि लोण्याच्या बदल्यात धान्य. एकाच डोंगरातली साधनं दोन समाजांनी वाटून घेतली होती. म्हणजे पाणवठे, चारा आणि वाटा यांचं ज्ञान हा जंगलाच्या इतिहासाचाच भाग आहे. पण गवळी धनगर अनुसूचित जमातींत मोडत नाहीत. त्यामुळे वनहक्क कायद्यापुढे त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. लोणी विकून जगलेल्यांनी एवढे कागद कुठून आणावेत?

यावर कुणी म्हणेल, गुरं जंगल खातात. खातातच, बेसुमार झाली तर. पण कासला कुंपण घालून चराई थांबवली, तेव्हा गवत माजून फुलं घटल्याची ओरड झाली आणि पुढे ते कुंपण काढावं लागलं. घट नेमकी कशाने झाली यावर वाद घालता येईल. चराई म्हणजे नुसता नाश, हे मात्र आता कुणी ठामपणे म्हणू नये. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: शिकलेला पोरगा वाड्यावर परत येतोच कशाला? खरं आहे, मुंबईत पगार मिळतो, वाड्यावर मिळत नाही. म्हणून नुसती शिष्यवृत्ती पुरणार नाही. रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ रुजवलं, ते इथे पुन्हा कामी येईल. वाड्यावरच्या मुलाने आजीकडून चाऱ्याची नावं, देवाची गाणी, सोडलेल्या वाड्यांच्या जागा नोंदवाव्यात आणि या कामाची त्याला मजुरी मिळावी. पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या भरतीत त्या नोंदवहीला गुण मिळावेत. रयत शिक्षण संस्था आणि वनखातं, दोघांची दारं साताऱ्यातच आहेत. सुरुवात त्यांनी करावी.